मदत हवी आहे : मातीवरील मोटारसायकल शर्यतींत इंजिनावरचा खर्च कसा आवरावा?

खानापूरकर

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या माळावर आम्ही काही गावांतील तरुण मिळून दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत मातीच्या अंडाकृती धावपट्टीवर मोटारसायकलींच्या शर्यती घेतो. नियम स्पीडवे या मातीवरील मोटारसायकल शर्यतींच्या खेळाचे घेतले आहेत : एका शर्यतीत चार स्वार, चार फेऱ्या, सर्व वळणे डावीकडची आणि क्रमाने तीन, दोन, एक व शून्य असे गुण. गाड्या मात्र जुन्या, कार्बुरेटरवाल्या स्प्लेंडर. दिवे, आरसे व मडगार्ड काढलेल्या. परवानगी, रुग्णवाहिका व विमा यांची व्यवस्था झालेली असल्यामुळे ती चर्चा येथे नको. प्रश्न केवळ इंजिनावर होणाऱ्या खर्चाचा आणि त्यातून निर्माण झालेल्या विषमतेचा आहे.

सुरुवातीला जो तो घरचीच गाडी, म्हणजे डेअरीला दूध घालायला वापरली जाणारी गाडी, घेऊन येत असे आणि निकाल स्वाराच्या हातावर ठरत असे. आता हेडला फेस मारून, म्हणजे त्याचा तळ थोडा कापून, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) वाढवणे, पोर्ट म्हणजे हवेच्या वाटा घासणे, झडपा उघडणारा कॅम बदलणे, मोठा कार्बुरेटर आणि ठिणगी देणारा वेगळा सीडीआय बसवणे हे सर्व सर्रास चालते. आमच्या भागातील अनेक कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली आहेत आणि सणासुदीला गावी येतात. त्यांच्यातील काही हौशी मुले बाहेरच्या शहरांतून इंजिन बांधून आणतात. यात त्यांचा दोष नाही, कारण आमच्या नियमावलीत तसे करण्यास मनाई नव्हती. परंतु ज्याचे घर चार म्हशींवर चालते, तो मुलगा बक्षिसाच्या कितीतरी पट रक्कम इंजिनात घालू शकत नाही, आणि असे काही चांगले स्वार आता नाव नोंदवायलाच येईनासे झाले आहेत. मला हे फार लागून राहिले आहे.

शर्यतींची रचना न्याय्य आहे, हे मी खात्रीने सांगू शकतो. स्पीडवेत सोळा स्वारांची जी पद्धत रूढ आहे तीच आम्ही वापरतो : वीस शर्यती होतात, प्रत्येक स्वार पाच वेळा धावतो आणि उरलेल्या पंधरा जणांपैकी प्रत्येकाशी त्याची नेमकी एकदाच गाठ पडते. सुरुवातीच्या जागाही आलटून पालटून मिळतात, त्यामुळे आतली बाजू कायम एकाच्याच वाट्याला आली, अशी तक्रार राहत नाही. इंजिनाच्या बाबतीत मात्र अशी कोणतीही व्यवस्था आमच्यापाशी नाही.

मूळ स्पीडवेतही हा खर्च मोठा आहे. तेथे ५०० सीसीचे एका सिलिंडरचे, मिथेनॉलवर चालणारे इंजिन असते. गाडीला ब्रेक नसतात आणि गिअर एकच असतो. कार्बुरेटरच्या छिद्राला ३४ मिमीची कमाल मर्यादा आणि गाडीला ७७ किलो किमान वजन असे निर्बंध असूनही नामांकित ट्यूनरकडून इंजिन बांधून घेण्याची चढाओढ चालतेच, आणि थोड्याथोड्या शर्यतींनंतर इंजिन पुन्हा उघडावे लागते. तरीही तेथे सुमारे ८० अश्वशक्ती सैल मातीवर उतरवायची असल्यामुळे थ्रॉटल किती व केव्हा द्यायचा हे स्वारालाच ठरवावे लागते. आमच्या ९७.२ सीसीच्या गाडीचा थ्रॉटल सरळ पट्टीत आणि बऱ्याचदा वळणातही पूर्ण उघडा असतो, म्हणून एखादी अश्वशक्ती जास्त मिळाली तर ती सरळ निकालात उतरते. इंजिन लहान असल्यामुळे विषमता कमी राहील, असे आम्ही धरून चाललो होतो. वस्तुस्थिती उलट आहे.

इतर खेळांतील उपाय मी शक्य तेवढे वाचले. मोटारसायकल शर्यतींच्या मोटो-टू या जागतिक गटात २०१० पासून सर्वांना एकाच कंपनीची इंजिने मिळतात, आधी होंडाची ६०० सीसीची आणि २०१९ पासून ट्रायम्फची ७६५ सीसीची. ती सीलबंद असतात आणि कोणाला कोणते द्यायचे हे संघ ठरवत नाही. मोटो-थ्री गटात २०१२ साली इंजिनाच्या किमतीवरच १२,००० युरोंची मर्यादा घातली गेली. त्याच वर्षी मोटोजीपीमध्ये कमी खर्चाच्या सीआरटी गाड्यांसाठी दाव्याचा नियम आला. त्यानुसार त्या संघांचे इंजिन गिअरबॉक्ससह २०,००० युरोंना विकत मागण्याचा हक्क मोठ्या कंपन्यांना मिळाला. अमेरिकेत आयएमसीए मॉडिफाइड या मातीवरील मोटारींच्या शर्यतींतही दाव्याचा नियम वापरला गेला आहे. त्यामागचा विचार मला पटतो : ठरलेल्या रकमेला इंजिन द्यावे लागणार असेल, तर त्या रकमेपेक्षा जास्त पैसे त्यात कोणी घालणार नाही.

आमच्या अडचणी येथून सुरू होतात. सोळा सारखी इंजिने विकत घेऊन सीलबंद ठेवण्याइतका निधी आमच्यापाशी नाही. सील करायचे म्हटले तर ते करणारा मिस्त्री कोणाचा तरी मावसभाऊ असतो, आणि त्याने कितीही प्रामाणिकपणे काम केले तरी हरणारा त्याच्याकडे बोट दाखवणारच. दाव्याच्या नियमाची मला त्याहून अधिक भीती वाटते. ज्या गावात बांधावरून भावकी तुटते, तेथे भर मैदानात दुसऱ्याच्या गाडीचे इंजिन उतरवून मागणे हा व्यवहार कोणी मानणार नाही. तो अपमान ठरेल आणि त्याची परतफेड पुढच्या जत्रेत होईल. नियम कागदावर राहील व तो वापरण्याची हिंमत कोणी करणार नाही.

दुरुस्ती कोठे संपते आणि सुधारणा कोठे सुरू होते, हाही प्रश्न आहे. या इंजिनाचा मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी व स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४९.५ मिमी आहे. जुन्या गाडीचे सिलिंडर झिजले की बोअर मारून ०.५०चा, म्हणजे अर्धा मिमी मोठा, पिस्टन बसवतात. त्यामुळे आकारमान सुमारे ९९.१ सीसी होते आणि १.००चा पिस्टन बसवल्यास सुमारे १०१.१ सीसी. ही गॅरेजमधली रोजची, रास्त दुरुस्ती आहे, आणि ती बाद केली तर जुनी गाडी वापरणारा गरीब स्वारच आधी बाद होईल.

आमच्याकडच्या बैलगाडी शर्यतींत बैलाचे दात पाहून आदत (दुधाचे दात असलेला), दुसा (दोन दात आलेला) असे गट पडतात आणि जबडा उघडताच सर्वांसमक्ष निवाडा होतो. इंजिनाचा असा दात कोणता, की जो मैदानावर, सर्वांच्या देखत, थोड्या वेळात व फारसा खर्च न करता तपासता येईल? एवढेच मला विचारायचे आहे.

कुपवाडचा टर्नर

खानापूरकर साहेब, मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करतो, म्हणून माझे उत्तर त्याच अंगाने आहे. इंजिनाच्या आत काय केले आहे हे शोधण्याच्या मागे लागू नका. इंजिनाला हवा किती मिळते, तेवढेच आपल्या हातात ठेवा. कार्बुरेटर आणि मॅनिफोल्ड (इंजिनाकडे हवा नेणारी नळी) यांच्यामध्ये बसेल अशी ॲल्युमिनियमची चकती एकाच दांड्यातून, एकाच दिवशी कापून घ्यावी, सर्वांचे छिद्र एकाच रीमरने काढावे आणि त्या चकत्या शर्यतीच्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात. संध्याकाळी त्या परत घ्याव्यात. १६ मिमीच्या छिद्रापेक्षा १४ मिमीच्या छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे २३ टक्क्यांनी कमी असते. हवा तेथे अडली की घासलेल्या पोर्टचा, मोठ्या कार्बुरेटरचा आणि वरच्या आरपीएमसाठी बनवलेल्या कॅमचा बराचसा फायदा निघून जातो, आणि ०.५० किंवा १.००च्या पिस्टनचा तर उल्लेख करण्याचेही कारण उरत नाही. तुमच्या मैदानासाठी नेमके कोणते माप योग्य, हे दोन-तीन मापांच्या चकत्या लावून एखाद्या साध्या, न छेडलेल्या गाडीवर आधी पाहावे लागेल. ती गाडी फारशी मंदावणार नाही असे सर्वांत लहान माप घ्यावे.

चकतीच्या पुढून, म्हणजे इंजिनाच्या बाजूने, चोरून हवा घेण्याची युक्ती होऊ शकते : मॅनिफोल्डला बारीक छिद्र, सैल गॅस्केट किंवा ढिला बोल्ट. त्याची तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलवर चालू ठेवावे, एअर फिल्टरचा पाइप काढावा आणि कार्बुरेटरचे तोंड तळहाताने घट्ट दाबावे. इंजिन लगेच गुदमरून बंद पडले तर ठीक. ते धडधडत राहिले तर हवा दुसरीकडून येत आहे. हे सर्वांच्या समोर करता येते, त्याला मिस्त्री लागत नाही, आणि हरणाऱ्यालाही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. तुम्ही विचारलेला दात तो हाच.

कॉम्प्रेशन मात्र चकतीने आवरत नाही, आणि हेडला फेस मारणे स्वस्त असल्यामुळे ते सर्वजण करतील. त्यासाठी प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून, थ्रॉटल पूर्ण उघडून किक मारावी आणि एक कमाल आकडा ठरवावा. तंटा झालाच, तर पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या छिद्रातून मोजनळीने पातळ तेल भरावे. आकारमान ९७.२ सीसी धरले, तर ९ ला १ या कॉम्प्रेशन गुणोत्तरासाठी वरची पोकळी सुमारे १२.१५ मिलिलिटर हवी. ११ ला १ केले असेल तर ती सुमारे ९.७ एवढीच भरते. हा फरक लपत नाही. प्लगचे छिद्र तिरके असल्याने गाडी कलती करून तेल काठापर्यंत नेताना काळजी घ्यावी लागते, आणि आटे व्यापतात तेवढी जागा वजा करावी लागते.

साताराकर

वरील प्रतिसादाशी सहमत. दोन गोष्टी जोडतो. पहिली वजनाची : एवढ्या लहान इंजिनावर ५० किलोचा आणि ८० किलोचा स्वार यांच्यात जो फरक पडतो, तो कॅमच्या फरकाहून कमी नसावा. गाडी आणि स्वार मिळून किमान वजन ठरवावे व अडत दुकानातील काटा मैदानावर आणून ठेवावा. दुसरी, पेट्रोल आयोजकांनी एकाच कॅनमधून द्यावे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलेच पेट्रोल मिळते आणि त्यानुसार कार्बुरेटरमधला जेट (पेट्रोलचे बारीक छिद्र) थोडा बदलावा लागतो, तेव्हा कोणते इंधन मिळणार हे आधी जाहीर झालेले बरे. मिथेनॉलचा मोह कोणी धरत असेल तर त्याला स्पष्ट नकार द्यावा. ते विषारी आहे, पोटात गेल्यास दृष्टी आणि प्राण दोन्ही जाऊ शकतात, आणि ते बाळगण्याला कायद्याचे निर्बंध आहेत. खर्च कमी करण्याच्या नादात गावात असा कॅन यायला नको.

धावपट्टीचाही विचार व्हावा. सरळ पट्ट्या लांब असतील तर अश्वशक्तीचे महत्त्व वाढते. त्या आखूड केल्या आणि मुरूम दाबून, वर बेताचे पाणी मारले, तर वळणात गाडी सांभाळणारा पुढे येतो.

मिरजेची वाचक

दाव्याच्या नियमाबद्दल खानापूरकर यांनी जे लिहिले आहे, ते मला अगदी नेमके वाटले. माझे माहेर तासगाव तालुक्यातील आहे आणि इंजिन मागून नेणे तेथेही कोणी खपवून घेणार नाही. परंतु त्या नियमातील धाक तेवढा ठेवून त्यातला अपमान काढून टाकता येईल, असे सुचवावेसे वाटते. अंतिम शर्यतीत पोहोचलेल्या चार स्वारांनी आपल्या गाड्या एका रांगेत उभ्या कराव्यात आणि कोणी कोणत्या गाडीवर बसायचे हे चिठ्ठीने ठरवावे. जो इंजिनावर प्रचंड खर्च करील, त्याचे ते इंजिन अंतिम शर्यतीत प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाण्याची शक्यता चारांत तीन राहील. कोणी कोणाकडे काही मागायचे नाही, बोट दाखवायचे नाही. चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढावी. गाड्या एकाच बनावटीच्या असल्यामुळे हे तुम्हाला शक्य आहे, आणि खऱ्या स्पीडवेत प्रत्येक स्वाराची गाडी त्याच्या अंगाला जुळवलेली असल्यामुळे तेथे ते इतके सहज होणार नाही.

खानापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. टर्नर दादांची तळहाताची तपासणी मी आजच एका साध्या गाडीवर करून पाहिली. मॅनिफोल्डचे बोल्ट घट्ट असताना इंजिन तत्काळ बंद पडले आणि एक बोल्ट ढिला करताच ते अडखळत का होईना, चालू राहिले. बघायला उभ्या असलेल्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही. चकत्या, कॉम्प्रेशन गेज, एकत्रित वजन आणि एकाच कॅनमधील पेट्रोल या चारही गोष्टी मी बैठकीत मांडणार आहे. सरळ पट्ट्या आखूड करणे या वर्षी जमणार नाही, कारण जागा भाड्याने घेतलेली असून बांध हलवता येत नाही.

ताई, आपली गाड्या बदलण्याची सूचना मला सर्वांत अधिक आवडली, तरी तिच्यात एक अडचण राहते. दुसऱ्याच्या गाडीवर बसलेला स्वार पडला आणि क्लच जळाला किंवा फोर्क वाकला, तर भरपाई कोणी करायची? दूध घालणाऱ्या मुलाची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे चालू असावीच लागते.

मिरजेची वाचक

प्रवेश शुल्कातील ठरावीक भाग वेगळा काढून दुरुस्ती निधी करावा, आणि अंतिम शर्यतीतील चारही गाड्यांची दुरुस्ती त्याच संध्याकाळी त्यातूनच व्हावी, कोण पडले याची चौकशी न करता. निधी अपुरा पडला तर पहिल्या बक्षिसातून घ्यावा, आणि हे नोंदणीच्या कागदावर आधीच छापावे.

कुपवाडचा टर्नर

सहमत. क्लच प्लेटचे दोन संच आणि फोर्कची एक जोडी मैदानावर आणून ठेवा. चकत्यांसाठी मॅनिफोल्डचे माप आणि दोन बोल्टमधील अंतर मला कळवा, वीस नग काढून ठेवतो. चार जास्तीचे लागतीलच.

खानापूरकर

माप उद्या घेऊन कळवतो. चकत्यांवर क्रमांक ठोकून मिळाले तर वाटप व परतावा दोन्हींची नोंद वहीत ठेवता येईल.