सीआर३ उघडते, पण लेन्स-शटरची माहिती कोरी. पेटंटचा संबंध?

रानवाटा:
लिनक्सवर डिस्ट्रोच्या रेपॉझिटरीतलं डार्कटेबल (रॉ फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर) आहे. कॅननच्या सीआर३ रॉ फाइलींचं चित्र नीट दिसतं, पण लेन्स, अ‍ॅपर्चर, शटर सगळं रिकामं, त्यामुळे लेन्स करेक्शन चालत नाही. एक्झिफटूल या माहिती वाचणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र त्याच फाइलीत सगळं सापडतं. पेटंटच्या भीतीने डिस्ट्रोवाले काहीतरी बंद ठेवतात म्हणे. नेमकं काय? आणि सोर्स कोडवरून स्वतः बिल्ड केलं तर कायद्याची अडचण येईल का?

खटपट्या:
पिक्सेल एक लायब्ररी वाचते, माहिती दुसरी. सीआर३चे पिक्सेल लिबरॉ उलगडते (डार्कटेबल ३.८ पासून), एक्झिफ (लेन्स, शटर वगैरे माहिती) मात्र एक्झिव्ह२ कडे. सीआर३ ही आतून बीएमएफएफ, म्हणजे एमपी४च्याच जातीची फाइल. एक्झिव्ह२ ने ०.२७.४ मध्ये ती वाचायची सोय केली, पण 'यावर पेटंट हक्क असू शकतात' अशी सूचना लावून. बिल्डचा पर्यायही बंदच ठेवला, ज्याला हवा त्याने चालू करावा. ०.२८ मध्ये तो आपसूक चालू असतो.

आधी तपासा: टर्मिनलवर एक्झिव्ह२ची आवृत्ती व्हर्बोज पर्यायासह काढा आणि यादीत 'एनेबल बीएमएफएफ' शोधा. शून्य असेल तर दुखणं हेच.

उपाय करताना लोक दोन ठिकाणी फसतात. एक, नुसती लायब्ररी बदलून भागत नाही. बीएमएफएफ आहे की नाही हे डार्कटेबल स्वतःच्या बिल्डच्या वेळी ठरवतं, म्हणून तेही पुन्हा बिल्ड करावं लागतं. दोन, सिस्टीमची ०.२७ काढून तिथे ०.२८ बसवू नका. दोन्हींचा एबीआय (प्रोग्रॅम लायब्ररीशी जुळतात तो सांधा) वेगळा आहे, डिजिकॅम, ग्वेनव्ह्यू वगैरे फोटोंचे प्रोग्रॅम बंद पडतील. वेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा, नाहीतर सरळ डार्कटेबलचं फ्लॅटपॅक (लायब्ररींसकट येणारं पॅकेज) घ्या, त्यात एक्झिव्ह२ स्वतःची येते.

आधीच इम्पोर्ट केलेल्या फोटोंची माहिती आपोआप भरत नाही. डार्कटेबलच्या लाइटटेबलमध्ये (फोटोंच्या यादीत) फोटो निवडून 'रिफ्रेश एक्झिफ' द्या. यात तुम्ही दिलेले स्टार पुसले जाऊ शकतात, तेव्हा आधी एक्सएमपी फाइलींची (डार्कटेबल यांत तुमचे बदल साठवतं) प्रत काढून ठेवा.

कलम३के:
कायद्याचं बघू. लोक हाइक (एचईआयसी, आयफोनच्या फोटोंचा फॉरमॅट) आणि सीआर३ एकाच पिशवीत टाकतात, घोळ तिथेच होतो. हाइकच्या आत एचईव्हीसी कोडेक असतो आणि त्यावर परवाना मागणारे खरोखर आहेत. सीआर३च्या रॉ डेटात एचईव्हीसी नाही, कॅननचं स्वतःचं कॉम्प्रेशन आहे. एक्झिव्ह२ तर पिक्सेलना हातच लावत नाही, फक्त डब्यावरचं लेबल वाचते.

भारतात पेटंट कायदा, १९७० चं कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाकारतं. हार्डवेअरशी जोडून मांडलेले दावे कधीकधी मंजूर होतात, तेव्हा ही पूर्ण ढाल नव्हे. घरच्या मशीनवर बिल्ड करणाऱ्याला मी तरी झोप उडवून घ्यायला सांगणार नाही. पॅकेज जगभर वाटणाऱ्या कंपनीचं गणित वेगळं, तिला अमेरिकेतल्या दाव्याचा खर्च दिसतो.

नदीकाठ:
निकॉन झेड८, झेड९ वाल्यांनी वरचे उपाय करून वेळ घालवू नये. त्यांची 'हाय एफिशियन्सी' एनईएफ (निकॉनची रॉ फाइल) इंटोपिक्स कंपनीच्या टिकोरॉ कॉम्प्रेशनवर चालते. तिथे माहिती वाचली जाते, पिक्सेलच उलगडत नाहीत. कॅमेऱ्याच्या मेन्यूत रॉ रेकॉर्डिंग 'लॉसलेस कॉम्प्रेशन'वर ठेवा. आधी काढलेल्या फाइली अडोबीच्या डीएनजी कन्व्हर्टरमधून (विंडोज किंवा मॅक) डीएनजी (अडोबीचा रॉ फॉरमॅट) करून घ्या. फाइल मोठी होते, पण डार्कटेबलमध्ये उघडते. मूळ एनईएफ मात्र जपून ठेवा.