प्रतिसाद: झूम पातळी सरसकट १८ नको

एक्स-प्लेन या संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरमध्ये जमिनीसाठी सगळीकडे झूम पातळी (चित्रातल्या बारकाव्याची पायरी) १८ ची उपग्रह-चित्रं टाकावीत, या वरच्या सूचनेशी मी सहमत नाही. पातळी एकाने वाढली की पिक्सेल चौपट होतात. म्हणजे १६ वरून १८ वर गेलात की तेवढ्याच जमिनीसाठी सोळापट डेटा! ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं एक टेक्स्चर (जमिनीवर चढवायचं चित्र) कॉम्प्रेस करूनही ८ एमबीच्या पुढे जातं. आणि ३५,००० फुटांवरून ते बारकावे दिसतात कुठे?

ही चित्रं एक्स-प्लेनसाठी तयार करणाऱ्या ऑर्थोफोरएक्सपी या प्रोग्राममध्ये फक्त विमानतळांभोवती जास्त पातळी ठेवता येते. तिथे १८, बाकी १६ ठेवा. उतरताना धावपट्टीच्या आसपासची जमीन स्पष्ट दिसणं मला फार महत्त्वाचं वाटतं, वैमानिकाला उंचीचा अंदाज यायला त्याची मदत होते. समुद्राकडच्या टाइल्सना (नकाशाच्या चौकोनी तुकड्यांना) तर १६ सुद्धा पुष्कळ.