जुन्या आउटबोर्डला ‘भारी’ पेट्रोल? कशासाठी?

डोलकाठी: "इंजिन जुनं आहे ना? सगळ्यात जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घाला आणि विसरून जा." होडीच्या मागे लावायच्या जुन्या आउटबोर्ड इंजिनासाठी हा सल्ला काल इथे एकाने छातीठोकपणे दिला आणि खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. राहवलं नाही म्हणून लिहितोय. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटू नये, एवढंच तो आकडा सांगतो. जुन्या टू-स्ट्रोकचं कॉम्प्रेशन बेताचंच, बहुतेकांना ९१ आरओएन (ऑक्टेन मोजायची एक पद्धत) पुरतं. मॅन्युअलमध्ये ८७ दिसलं तर घाबरू नका, ती अमेरिकी पंपांवरची मोजणी, आरओएनमध्ये साधारण ९१. ९८ घालून फक्त खिसा हलका होतो.

खरा वैरी इथेनॉल, म्हणजे पेट्रोलात मिसळलेलं अल्कोहोल. पेट्रोलच्या जुन्या होसचं आतलं अस्तर त्याने सुटतं आणि सुटलेली पापुद्र्याची जीभ आत झडपेसारखी वागते. इंजिन आयडलला गोड चालतं, फुल थ्रॉटलला दम सोडतं. होसवरचा पेट्रोल ढकलणारा रबरी फुगा हाताने दाबत राहिलं की वेग येतो, सोडला की पडतो. लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात आणि दोष होसमध्ये असतो.

तांडेल_२५: ऑक्टेनचं मान्य. पण काही ठिकाणी ते भारी पेट्रोलच बिनइथेनॉलचं असतं. म्हणजे त्या माणसाचा सल्ला चुकीच्या कारणाने का होईना, बरोबर ठरला की!

डोलकाठी: ‘असतं’ यावर इंजिन सोडायचं नसतं. सरळ उभ्या काचेच्या नळीत १० मिली पाणी घ्या, खूण करा, वर ९० मिली पेट्रोल ओता, हलवा, पाच मिनिटं ठेवा. खालची रेघ खुणेच्या वर सरकली तर इथेनॉल आहे. ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो.

वंगणवेडा: पेट्रोलवर एवढं पुराण आणि तेलाबद्दल चकार शब्द नाही! जुनं इंजिन आहे तर पेट्रोल-तेल २५:१ करा, लिटरला ४० मिली तेल. तेल जास्त झालं म्हणून इंजिन जाम झालेलं कुणी पाहिलंय?

जेट_नंबर: हेच ते! तेल वाढवलं की तेवढं पेट्रोल कमी होतं. कार्ब्युरेटरच्या जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून, जाणाऱ्या मिश्रणात २ टक्क्यांऐवजी ४ टक्के तेल, म्हणजे इंजिन लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. वर प्लग काळे, रिंगा चिकटलेल्या, एक्झॉस्टमध्ये कार्बन. ५०:१ लिहिलंय तर लिटरला २० मिलीच.

वंगणवेडा: कुठे लिहिलंय? १९५०च्या दशकातल्या कितीतरी इंजिनांत साधे बुश बेअरिंग (नुसत्या धातूच्या नळ्या) आहेत, त्यांना २४:१ लागतं. त्यांना २० मिली देऊन बघा आणि मग क्रँकशाफ्टसाठी रडा.

जेट_नंबर: बुशवाल्यांना २४:१ द्या, कोण नाही म्हणतंय? पण नीडल बेअरिंगच्या (बारीक रोलरवर फिरणाऱ्या) इंजिनालाही तोच काढा पाजता, त्यावर बोलतोय. आणि तेल टीसी-डब्ल्यू३ या आउटबोर्डच्या दर्जाचंच. मोटारसायकलचं टू-टी तेल नको. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला राख न सोडणारं तेल हवं.

वंगणवेडा: टीसी-डब्ल्यू३वर वाद नव्हताच. उगाच ठणकावू नका.

डोलकाठी: तुम्ही दोघं २ टक्क्यांवर एकमेकांची डोकी फोडताय. १० टक्के इथेनॉल असलं तर मिश्रण ४ टक्क्यांच्या आसपास लीन होतं, आधीच! शुद्ध पेट्रोलला हवा वजनाने १४.७ पट लागते, दहा टक्केवाल्याला साधारण १४.१. जुन्या कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जेटच्या भोकाएवढंच देतो. प्लगचं पोर्सलेन फिकट तपकिरी हवं, पांढरं दिसलं तर मेन जेट एक नंबर मोठा.

जेट_नंबर: … बरोबर आहे. नाइलाजाने मान्य. पण ५०:१ सोडणार नाही.

तांडेल_२५: इथेनॉलला राक्षस करू नका. "हवेतलं पाणी ओढतो" म्हणून घाबरवता, पण बंद टाकीत त्याला बराच वेळ लागतो. पाणी शिरतं ते टाकीच्या उघड्या व्हेंटमधून (हवेच्या भोकातून) आणि झाकणाच्या सडलेल्या वॉशरमधून. वॉशर बदला, १० मायक्रॉनचा पाणी पकडणारा फिल्टर लावा, झालं.

डोलकाठी: वॉशरचं शंभर टक्के. फिल्टरचं अर्धं. विरघळलेलं पाणी फिल्टर पकडत नाही. दहा टक्केवालं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवतं, २५ लिटरच्या टाकीत सव्वाशे मिली. त्यापुढे, किंवा रात्री गारठा पडला की त्याआधीही, इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात. इंजिनाकडे पेट्रोल ओढणारी पिकअपची नळी तळाशी, आणि टू-स्ट्रोकचं तेल वर पेट्रोलसोबत राहिलेलं. म्हणजे इंजिन वंगणाशिवाय धावणार. पिस्टन चिकटायला यापेक्षा काय हवं?

वंगणवेडा: तेव्हा २५:१ असतं तरी वाचलं नसतं, हे कबूल. आनंद झाला?

नवखा_नाविक: मॅन्युअलमध्ये शिशाचं पेट्रोल लिहिलंय, आता मिळत नाही. विमानाचं घालू का?

जेट_नंबर: नको. टू-स्ट्रोकला शिशाची गरज नाही, झिजायला व्हॉल्व्ह सीटच नाहीत. उलट प्लगवर शिशाचा थर बसतो. जुन्या फोर-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटचा प्रश्न येऊ शकतो, तो वेगळा विषय.

नवखा_नाविक: आणि सहा महिने टाकीत पडलेलं पेट्रोल?

तांडेल_२५: स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं औषध) घाला, चालतंय.

डोलकाठी: स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलात घालतात, शिळ्यात नाही. तळातून काचेच्या बरणीत थोडं काढा. दोन थर दिसले तर सगळं फेकण्याच्या लायकीचं, कुठलीही बाटली ते जोडत नाही. एकच थर असला तरी वार्निशचा आंबट वास येत असेल तर इंजिनात नको. पुढच्या वेळी पेट्रोलची होस काढून पाण्याच्या जोडणीवर इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवा आणि मग फ्लोट बाऊलचा, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळातल्या वाटीचा, स्क्रू काढून उरलेले थेंब गाळा. बंद पडलं म्हणजे बाऊल कोरडा झाला, असं समजू नका.