मदत हवी आहे : आईला एखादा नेमका दिवस आठवतच नाही

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. ऑगस्ट २०१९च्या पुरात मलप्रभेचं पाणी घरात शिरलं, मागची भिंत पडली. गेल्या वर्षी बाबा गेले. तेव्हापासून आई गप्प असते. जेवण तुटलंय, पहाटे तीनलाच जाग येते.

मला जास्त खुपतंय ते तिचं आठवणं. "बाबांबरोबरचा एखादा चांगला दिवस सांग की," म्हटलं की "चांगलंच होतं सगळं," एवढंच. पूर्वी हीच आई सौंदत्तीच्या यल्लम्माला जाताना गाडीचं चाक कुठं मोडलं, भाकरी कुणी दिली, सगळं रंगवून सांगायची.

वाचल्यावर कळलं, असं मोघम आठवणं मानसशास्त्रात ओळखीचं आहे. विल्यम्स आणि ब्रॉडबेंट या संशोधकांनी १९८६ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या लोकांत ते नोंदवलं. पुढच्या अभ्यासांत त्याचा नैराश्याशी संबंध दिसला. नेमक्या प्रसंगांच्या आठवणींचा सराव करून घेणारी पद्धतही आहे म्हणे.

बेळगावात किंवा धारवाडला मराठीतून बोलणारे समुपदेशक कुणाला माहीत आहेत का? आईला कन्नड समजतं, पण मनातलं मराठीतच येतं. धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेचा कुणाला अनुभव? कर्नाटकातून १४४१६ या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) नंबरवर मराठीतून बोलता आलं का?

आणि एक. डॉक्टरांकडे नेईपर्यंत मी जुने फोटो काढून तिला विचारत बसू, की त्यानं ती आणखी खचेल? कृपया सांगा.