उन्हाळ्यातली चावरी चिलटं : बडोदेकरांनो, तुम्ही काय करता?

मे लागला की आमच्या सोसायटीत संध्याकाळचं ओट्यावर बसणं बंद होतं. ऊन उतरतं, सात-सव्वासात होतात, जरा झुळूक येईल म्हणून खुर्च्या बाहेर काढाव्यात आणि थोड्याच वेळात सगळे घोटे खाजवत आत. डास नव्हेत हे. डासाची गुणगुण तरी ऐकू येते. ही काळसर, जेमतेम दोन मिलिमीटरची, बिनआवाजी. चावली की चटका बसतो आणि खाज पुढे कितीतरी दिवस पुरते. खिडकीला डासांची जाळी आहे, तिच्यातून खुशाल आत येतात.

बडोद्यात आणि आजूबाजूला राहणाऱ्यांनी आपापले अनुभव लिहा. स्वतः केलंय तेच लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं पुढे ढकलू नका. लिंबात लवंगा खोचून पाहिल्या असतील तर तेही चालेल, कोणी हसणार नाही.

मांजलपूरची मावशी
टेबल फॅन. जमिनीवर ठेवायचा आणि तोंड पायांकडे करायचं. छताच्या पंख्याचा वारा ओट्याच्या कडेपर्यंत पोचतच नाही, आणि ही मेली चावतात घोट्याला, पोटरीला. अंगात जोर नसतो हो त्यांच्या, एवढ्याशा वाऱ्यातही त्यांना धड उडता येत नाही. छुंद्यासाठी कैऱ्या किसायला बसते तेव्हा दोन्ही हात रसाने बरबटलेले, खाजवणार कशाने? तेव्हापासून फॅन आधी, किसणी नंतर. वायर मात्र नीट बघून टाका. आमच्याकडे नातवंडं धावत येतात.

काठावरचा
आम्ही विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. मगरींबद्दल पाहुणे विचारतात, चिलटांबद्दल कोणी विचारत नाही! मगर कंपाउंडमध्ये आली तर फोन करून माणसं बोलावता येतात.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाला ओला चिखल उघडा पडतो. चिलटांची अंडी-अळ्या असतात ती अशा ओल्या, कुजक्या मातीत. डासासारखं साचलेलं पाणीच लागतं असं नाही. म्हणून धुराची गाडी येऊन गेली की त्या संध्याकाळपुरतं बरं वाटतं. उडत असतात तेवढी मरतात, मातीतली सुखरूप राहतात.

नदीचा काठ काही आपल्या हातात नाही. मग घराभोवती पाहिलं. मागच्या दारी अळू लावलेलं, त्याला मोरीचं पाणी सोडलेलं. कूलरचं पाणी ठिबकून भिंतीलगत कायमची ओल. टाकी भरून वाहते तिथे पाल्याचा थर. अळू काढलं (आईची परवानगी मिळायला वेळ लागला, तिच्या अळूवड्यांचा प्रश्न होता), ठिबकणाऱ्या नळीखाली बादली ठेवली, पाला उचलून माती उन्हात उघडी केली. मोरीचं पाणी आता सरळ गटारात जातं. फरक लगेच दिसत नाही. मातीत जे आधीच वाढतंय ते बाहेर पडून संपायला दोन-चार आठवडे द्यावे लागतात. आमच्याकडे जून येईपर्यंत मागचं दार संध्याकाळी उघडं ठेवता यायला लागलं. पुढच्या दारी, नदीच्या बाजूला, आजही तीच गत आहे.

रसाची वाटी
स्वयंपाकघरात आंब्याच्या सालींवर घोंगावतात ती ही नव्हेत, हे आधी सांगते, कारण आमच्या घरात यावरून वाद झाले आहेत. ती फळांवरची चिलटं, चावत नाहीत. वाटीत थोडं व्हिनेगर, त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब, की बुडतात. न्हाणीघराच्या भिंतीला केसाळ करडी चिकटलेली असतात तीही चावत नाहीत, ती जाळीखालच्या मळात होतात, मोरी ब्रशने घासली की जातात. चावणारी व्हिनेगरकडे फिरकतसुद्धा नाही. तिला रक्त हवं असतं, तेही फक्त मादीला. तेव्हा वाटी भरली म्हणून पाय वाचतील अशा भ्रमात राहू नका.

लवंगवाला
लिंबात लवंगा खोचल्या होत्या. लिंबाला काही चावलं नाही.

पादरा गावाकडचे काका
गाई आहेत, त्यामुळे माझ्याकडे तुमच्यापेक्षा जास्त. शेण, मूत, सांडलेलं पाणी, त्यांना आणखी काय पाहिजे? दिवेलागणीच्या आधी शेण उचलून लांबच्या खड्ड्यात टाकतो आणि वरून सुकी माती लोटतो. गोठ्यातली जमीन उताराची करून घेतली, धुतलं की पाणी निघून जातं. गोवरीवर ओला कडुनिंब टाकून धूर करतो, जनावर तेवढा वेळ शेपटी कमी हलवतं, एवढंच म्हणेन. धूर विझला की पुन्हा तेच. खरा फरक पंख्यांनी पडला, मांजलपूरच्या बेन म्हणतात ते बरोबर. जनावरांना हा नुसता खाजेचा त्रास नाही. मेंढ्यांची जीभ-तोंड सुजवणारा नीलजिव्हा रोग हीच चिलटं पसरवतात. आमच्या शेजारच्या मालधाऱ्यांना ते चांगलं ठाऊक आहे, ते पावसाळ्यात कळप ओल्या जागी बसवत नाहीत.

पाळणाघर
धूर आणि कॉइल बंद खोलीत लावू नका. लहान मुलं असतील तर अजिबात नाही, छातीत भरतं. मुलीला बागेत नेताना फुल पँट, मोजे, फिक्या रंगाचे घट्ट विणीचे कपडे, आणि उघड्या भागावर क्रीम. डॉक्टरांनी सांगितलेला क्रम लक्षात ठेवा: आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर वरून डासांचं क्रीम. मुलांच्या तळहातांना लावायचं नाही, हात तोंडात जातात. चावलंच तर थंड पाण्याची पट्टी आणि कॅलामाइन. नखं कापलेली हवीत. खाजवून जखम चिघळते ते जास्त वाईट.

सध्या ग्लासगो, मूळ दांडिया बाजार
इथल्या डोंगराळ भागात मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत हेच संकट, आणि मोठ्या प्रमाणावर. लोक तोंडावर जाळीची टोपी घालून फिरतात. कुठल्या भागात किती असतील याचा अंदाज हवामानासारखा देतात! ढगाळ, दमट, वारा पडलेली संध्याकाळ म्हणजे बाहेर बसायचंच नाही. आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून ती माणूस शोधतात, त्यामुळे चार जण घोळक्याने उभे राहिलात की बरीच जमतात. बडोद्याला आले की मी सरळ अगाशीवर जाते. खाली कंपाउंडच्या भिंतींत वारा अडतो, वर तो मोकळा असतो.

फिरतीवरची नर्स
घाबरवायचं नाही, पण एक गोष्ट वेगळी काढून सांगते. फिकट तपकिरी, केसाळ, बसल्यावर पंख वर उभे धरणारी, उडण्यापेक्षा टुणटुण उड्या मारणारी दिसली तर ती चिलट नाही, ती वाळूमाशी, सॅण्डफ्लाय. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याचे अंधारे कोपरे ही तिची जागा. चांदीपुरा विषाणू तिच्यामुळे पसरतो. १९६५ मध्ये तो पहिल्यांदा सापडला तो आपल्या नागपूरच्या चांदीपुऱ्यात, म्हणून ते नाव. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये त्याने लहान मुलं दगावली. तेव्हा आम्ही घरोघर भेगा दाखवत फिरत होतो. लोक म्हणायचे, बेन, पावडर मारून जा, भेगांचं नंतर बघू. पावडर हवीच, पण भेग बुजवल्याशिवाय तिचा उपयोग टिकत नाही. माती-शेणाने लिंपा, सिमेंट भरा, काहीही करा. आणि मुलाला एकदम जोराचा ताप, उलट्या, झटके असं दिसलं तर घरगुती काही न करता त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात. त्यावर खास औषध किंवा लस नाही, लवकर पोचणं हाच उपाय.

प्लगवाला
सासऱ्यांनी प्लगमध्ये खोचायचं 'आवाजाचं' यंत्र आणलंय. माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने किडे पळतात म्हणे. हिरवा दिवा छान लागतो. चिलटं त्या दिव्यावर बसलेली पाहिली आहेत. सासऱ्यांसमोर हे बोलायची सोय नाही.

अगाशी
आम्ही अजून उन्हाळ्यात अगाशीवर झोपतो. नायलॉनच्या साध्या मच्छरदाणीची भोकं डासाच्या मापाची, ही आरपार जातात. आजीच्या वेळची मलमलची होती, ती पार विरली. मग आईने मलमलचा तागा आणून नवी शिवून घेतली. उकडतं थोडं, पण मध्यरात्रीनंतर गार होतं तेव्हा काही वाटत नाही. पहाटे उजाडताना चिलटांचा दुसरा फेरा असतो, तेव्हा तिची किंमत कळते.

धागाकर्ता
@अगाशी, तागा कुठे मिळाला? आणि शिवायला काय सांगायचं?

अगाशी
मंगळबाजारात बघा, कोरी घेऊ नका, खळ काढलेली घ्या, नाहीतर वारा अजिबात येत नाही. शिंप्याला सांगा, चारही बाजूंनी गादीखाली खोचायला हातभर कापड जास्त सोड, आणि दाराची फट ठेवू नकोस, खालून शिरायचं.