मदत हवी आहे : कोपराच्या व्यायामाच्या रोबोटचं सॉफ्टवेअर कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीतले चौघे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. अर्धांगवायू झालेल्या पेशंटचा कोपर हळूहळू वाकवणारा रोबोट बनवतोय. सांगाडा कुपवाड एमआयडीसीत करून घेतला, तो झकास झालाय. घोडं अडलंय सॉफ्टवेअरपाशी.

परवा चाचणीत प्रोग्रॅम अडकला आणि मोटर रेटतच राहिली. नशीब, हाताच्या जागी वाळूची पिशवी होती! वॉचडॉग (ठरावीक वेळात प्रोग्रॅमने रीसेट केला नाही, तर प्रोग्रॅम अडकला असं समजून यंत्रणा पुन्हा सुरू करणारा टायमर) लावलेला होता, पण त्याला रीसेट करणारी ओळ आम्ही टायमर इंटरप्टमध्ये (मुख्य प्रोग्रॅमला मध्येच थांबवून ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) टाकली होती. मुख्य लूप मेला तरी इंटरप्ट चालूच, त्यामुळे वॉचडॉगला वाटलं सगळं आलबेल आहे. गाढवपणा आमचाच.

मग थेरॅक-२५ बद्दल वाचलं. १९८५ ते १९८७ दरम्यान त्या रेडिएशन मशीनने सहा पेशंटना प्रचंड जादा डोस दिला. जुन्या मॉडेलमधले हार्डवेअर इंटरलॉक (धोका असेल तर मशीनला अडवणारी यंत्रणा) काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. त्या रात्री झोप नाही लागली.

आता विचारायचंय ते असं. इमर्जन्सी स्टॉपने मोटरचा करंट थेट तोडायचा ठरवलंय, पण मग हात धप्पकन खाली पडेल, त्याला ब्रेक कोणता लावावा? आयईसी ६२३०४ (वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे आमचं सॉफ्टवेअर बी वर्गात (गंभीर नसलेली इजा शक्य) येईल की सी (गंभीर इजा किंवा मृत्यू शक्य)? आणि मिरजेत एवढी हॉस्पिटलं आहेत, तिथल्या बायोमेडिकल विभागातलं कुणी आमची धोक्यांची यादी डोळ्याखालून घालेल का? आम्ही येऊन भेटू, चहा आमच्याकडून.