शेअर करा, पण नाव का खोडता?

सांजवात:
काल इथे वाटसरू यांनी लिहिलं, "पोस्ट जालावर टाकली की ती सगळ्यांची. नावाचा एवढा हव्यास कशाला? आम्ही पुढे पाठवतो म्हणून तुम्हाला वाचक मिळतात." ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या शेवटच्या दिवसांवर फेसबुकवर लिहिलं होतं, फक्त मित्रयादीपुरतं. आठवड्याभरात मावसभावाने तेच घरच्या ग्रुपवर टाकलं. माझं नाव गायब. वर 'डोळ्यात पाणी आलं, नक्की वाचा'. आणि शेवटी कुणीतरी एक परिच्छेद चिकटवलेला, ज्यात बाबा मला माफ करून डोळे मिटतात. माफ कशाबद्दल? आमच्यात तसं काही नव्हतंच. आई तीनदा विचारून गेली, "तुमचं काही झालं होतं का गं?"

शेअरचं बटण दाबलं असतं तर पोस्ट माझ्या नावानेच दिसली असती, मी काढल्यावर तिथूनही गेली असती, आणि मित्रयादीबाहेर कुणाला दिसलीच नसती. कॉपी-पेस्ट केलं की हे सगळं तुटतं.

वाटसरू:
वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मला मजकूर येतो व्हॉट्सॲपवर, बिननावाचा. नाव आणू कुठून? लिंक पाठवली तर माझे वडील उघडतच नाहीत. मजकूर पाठवला तर दोनदा वाचतात.

निळीशाई:
नाव माहीत नसेल तर 'लेखक माहीत नाही' एवढं लिहायला किती वेळ लागतो? आपल्या लेखनावर नाव असण्याचा आणि त्याची मोडतोड रोखण्याचा हक्क बर्न करारात, म्हणजे लेखकांच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, 1928 पासून आहे. हव्यास म्हणू नका त्याला.

कडुनिंब:
नावाचं काय घेऊन बसलात! 'तातडीने रक्त हवंय'वाले मेसेज आधी थांबवा. माझ्या काकूच्या ऑपरेशनच्या वेळी मी तसा एक टाकला, खाली माझा नंबर. रक्त त्याच दिवशी मिळालं. काकू पुढे चार महिन्यांनी गेली. तिच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीही फोन आला, "पेशंट कसा आहे?" काय सांगायचं त्या माणसाला?

वाटसरू:
म्हणजे पाठवायचंच नाही? माझ्या बहिणीला रात्री दोन वाजता दुर्मिळ गटाचं रक्त मिळालं ते अशाच मेसेजमुळे. देणारा चार ग्रुप पलीकडचा, आमच्या ओळखीचा नव्हता. तुमचं ऐकलं असतं तर बहीण आज नसती.

कडुनिंब:
माझ्या तोंडी नसलेलं घालू नका! तारीख टाका, गरज संपली की तसं कळवा, आणि पाठवण्याआधी त्या नंबरवर एक फोन करा, एवढंच म्हणतोय. फॉरवर्ड केल्यावर मूळ तारीख दिसत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. स्वतःची बहीण मध्ये आणली की समोरच्याने गप्प बसायचं का?

वाटसरू:
काकूला तुम्हीच आणलंत आधी.

निळीशाई:
दोघेही थांबा. तारखेचा मुद्दा बरोबर आहे. व्हॉट्सॲपनेही 2018 मध्ये 'फॉरवर्डेड'ची खूण आणली, 2019 च्या सुरुवातीला जगभर एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली, आणि 2020 मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल असं केलं. पण कॉपी करून चिकटवलं की ती खूणही जाते. शेवटी बोट आपलंच असतं.

कडुनिंब:
बरं. बहिणीबद्दल बोलायला नको होतं. तारखेवर मात्र ठाम आहे.

वाटसरू:
तारीख मान्य. फोन करायचंही मान्य. नावाबद्दल अजून पूर्ण पटलेलं नाही.

सांजवात, एक विचारतो. त्या लेखात खिडकीजवळ ठेवलेला चष्मा आहे का?

सांजवात:
आहे. बाबांचा.

वाटसरू:
मग तो मीही पाठवलाय. आत्ता शोधला, तीन ग्रुपवर सापडला. तो माफीचा परिच्छेद मला सगळ्यात आवडला होता. पुसायला गेलो तर फक्त माझ्याकडून जातोय. सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत केव्हाच टळली.

सांजवात:
पुसू नका. तिन्ही ठिकाणी त्याखाली लिहा की शेवटचा परिच्छेद लेखिकेचा नाही. माझं नाव घातलं नाहीत तरी चालेल.

वाटसरू:
दोन ठिकाणी लिहिलं. तिसऱ्या ग्रुपमधून मी मागेच बाहेर पडलोय. तिथल्या एकाचा नंबर आहे, त्याला सांगतो.